दार कुणी लावलं?

हिरव्यागार डोंगराच्या कुशीत एक इवलंसं गाव होतं. अंगणाअंगणात लालचुटूक जास्वंद, कुंपणाकुंपणावर निळीशार गोकर्ण. गावाच्या टोकाला फुटक्या कौलांच्या घरात सोनकी नावाची चिमुरडी राहायची, आपल्या आईबरोबर. आईचं नाव राही. ती पळसाच्या पत्रावळी लावायची, पण गावात तिची पत्रावळ कुणी घेत नसे. कारण काय, तर एक कहाणी.

श्रावणातल्या दर शुक्रवारी बायका मुठीत अक्षता धरून देवळात बसत आणि अंबूकाकू कहाणी सांगत. देवीनं एकदा गावाची परीक्षा घ्यायला एका म्हातारीला पाठवलं. सगळ्यांनी तिला ताक पाजलं, राहीच्या आजीनं मात्र दार लावून घेतलं. झालं, तेव्हापासून त्या घराची सावली वाईट. राहीला कुणी कधी हळदीकुंकवाला बोलावलं नाही. सोनकीचाही कहाणीवर पुरता विश्वास होता. कुणाचं दूध नासलं की तिला वाटे, आपणच सकाळी तिकडे पाहिलं असणार. सात वर्षांच्या पोरीला असं वाटावं, याचा मला अजून राग येतो.

एका शुक्रवारी देवळामागच्या बकुळीखाली कोळ्याच्या जाळ्यात तिला काहीतरी चमचमताना दिसलं. निळे, जांभळे, रुपेरी नाजूक पंख! आपला हात लागला तर हे मरेल, या भीतीनं ती रडकुंडीला आली. तरी तिनं एकेक धागा अलगद सोडवला. कुणी मेलं नाही. तिच्यासमोर दवबिंदूंचा मुकुट घातलेली एक परी उभी राहिली आणि म्हणाली, एक वर माग.

सोनकीनं खाऊ मागितला नाही, रेशमी परकर मागितला नाही. आईला एकदा देवळात बसू दे, एवढंच मागितलं. परीचा चेहरा उतरला.

"ती म्हातारी मीच होते, बाळ. दार तुझ्या पणजीनं उघडलं होतं. बाकीच्यांनी लावून घेतलं होतं."

"मग तू सांगितलं का नाहीस?"

"मला कुणी विचारलंच नाही."

मग परीनं वराचे नियम सांगितले. कहाणी पुसता येत नाही, फक्त तिच्यातलं नाव बदलता येतं. दार लावणारं कुणीतरी लागतंच, त्याशिवाय लोक ऐकत नाहीत. आणि देवीवर अक्षता पडेपर्यंतच वर मागे घेता येतो, नंतर नाही.

सोनकीला आधी अंबूकाकूंची नात रेवू आठवली. रेवू तिला खडे मारायची. पण रेवू अंधाराला घाबरायची, आणि तिचा पुढचा दात कालच पडला होता. सोनकीला तिचं नाव घेववेना. तिनं मान खाली घातली.

"माझं घाल," ती म्हणाली.

देवळात अंबूकाकूंनी कहाणी सुरू केली होती. त्यांच्या तोंडून आता निघालं, सोनकी नावाच्या पोरीनं दार लावून घेतलं. बायकांनी कायम हीच कहाणी ऐकल्यासारख्या माना डोलावल्या. कुणीतरी राहीला घरून हाताला धरून आत आणलं, पाटावर बसवलं, कपाळी ठसठशीत कुंकू लावलं. राही अशी हसली की सोनकीनं तिला तशी कधी पाहिलीच नव्हती. सोनकी धावत दारापर्यंत गेली.

"ही कुणाची गं पोर?" अंबूकाकूंनी विचारलं. सोनकी राहीची लेक, हे गाव आता विसरलं होतं.

राहीनं लेकीकडे पाहिलं. मग कुंकवाला बोट लावलं, अजून आहे ना म्हणून.

"मला नाही ठाऊक," ती म्हणाली.

अक्षता अजून मुठीतच होत्या. परी सोनकीच्या कानाशी येऊन म्हणाली, "फिरवू मागे?"

सोनकी रडत होती. आईला असं हसताना तिला पुन्हा पाहायचं होतं. "नको. बसू दे तिला," ती म्हणाली.

परीनं तिच्या केसांवरून हात फिरवला. तिला दुसरं काही करता येत नव्हतं. मग सोनेरी, केशरी, मोत्यासारखा लख्ख प्रकाश पडला, देऊळ उजळून निघालं आणि परी नाहीशी झाली.

तो प्रकाश सगळ्यांनी पाहिला. अंबूकाकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघा बायांनो," त्या म्हणाल्या, "देवीनं साक्ष दिली. कहाणी खरी आहे." आणि देवीवर पहिल्या अक्षता राहीनं वाहिल्या.