आधी ओल, मग धागा

एका उजाड माळावरच्या गावात कोष्टी राहत. सगळ्यांचे हातमाग एकाच लांबलचक पडवीत होते. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचे आणि विणायला लागायचे. त्यांच्यात केरबाचा हात सगळ्यात साफ. त्याचा धागा कधी तुटत नसे, आणि हे तो येता-जाता सगळ्यांना ऐकवी.

त्या वर्षी जत्रेत देवीला नेसवायचे लुगडे विणण्याचा मान केरबाला मिळाला. झाले! स्वारी हवेत. "या गर्दीत कशाला विणू?" म्हणत त्याने घरीच माग मांडला. तसाच खड्डा, तसाच माग, सूतही तेच.

पण घरी विणायला बसला की धागे तटातट तुटत. केरबाने सुताला नावे ठेवली, माग करणाऱ्या सुताराला शिव्या दिल्या. नाचता येईना अंगण वाकडे! जत्रा तोंडावर आली आणि लुगडे वीतभरही झाले नव्हते. देवीला जुनेच नेसावे लागणार, असे दिसू लागले.

बायको गिरजा म्हणाली, "पडवीत विणायला बसण्याआधी काय करत होता?"

"काही नाही. जायचो आणि बसायचो."

"मग तुमच्या आधी तिथं कोण यायचं?"

ते जाऊन पाहायचे केरबाने ठरवले.

दुसऱ्या दिवशी तांबडे फुटताच तो पडवीत गेला. म्हातारे भिवाजी कोष्टी घागर घेऊन एकेका खड्ड्यात पाणी शिंपडत होते. खाली ओल असली की सूत मऊ राहते, कोरड्या हवेत तडकत नाही. केरबाचा रिकामा खड्डाही त्यांनी भिजवला.

केरबा पुढे होऊन म्हणाला, "भिवाआबा, मी गेलो तरी माझ्या खड्ड्यात पाणी?"

"कधी परत आलास तर कोरडा नको सापडायला," आबा म्हणाले. "इथं मी शिंपडतो. घरी कोण शिंपडतं?"

"कुणीच नाही, आबा. मला वाटायचं, माझा हातच तसा आहे."

आबा हसले. घागर त्याच्या हाती देत म्हणाले, "जा, आधी घरचं भिजव."

लुगडे वेळेवर झाले. जत्रेत विणणाऱ्याला मानाचा नारळ मिळतो. केरबाने तो सगळ्यांसमोर आबांच्या हातात ठेवला. "विणलं मी, पण धागे आबांनी राखले. एवढी वर्षं राखले, आणि मी कधी वळूनही पाहिलं नाही," म्हणत तो त्यांच्या पाया पडला.

जत्रेनंतरच्या सकाळी आबा पडवीत आले, तर सगळे खड्डे आधीच ओले होते. केरबा रिकामी घागर घेऊन कोपऱ्यात हसत उभा होता.

तात्पर्य: चारचौघांत आपले काम आपोआप सुरू होते असे वाटते, कारण आपल्या आधी कुणीतरी त्याची तयारी केलेली असते. त्याचे उपकार स्मरावेत. आणि वेगळी चूल मांडली, तर ती आपणच पेटवावी लागते हे विसरू नये.