न वाजलेल्या शिंगाची खबर

एका खाडीच्या काठी एक राज्य होतं. केव्हा होतं ते विचारू नका. फार पूर्वी, एवढं पुरे. राजा टेकडीवर राहायचा आणि टेकडीच्या पायथ्याशी खारवाडी होती, चाळीस घरांची. खारवाडीची जमीन मुळात समुद्राचीच. वाडवडिलांनी दगडमातीचा लांबलचक बांध घालून ती अडवली होती. बांधाच्या आत भात पिकायचं, आतच पोरं खेळायची, आणि दर भरतीला समुद्र बाहेरून बांधाला ढुशा देऊन परत जायचा.

पण बांधाचा खरा वैरी समुद्र नव्हे, खेकडा. खेकडे बांध पोखरतात, बोटभर बिळातून पाणी शिरतं, आणि बोटभराचं हातभर व्हायला एक मोठी भरती पुरते. म्हणून बांधावर एक म्हातारा राखणदार नेमलेला होता. बांधाच्या पार पलीकडच्या टोकाला त्याची झोपडी. रोज दिवसाच्या ओहोटीला तो दोन कोसांचा बांध तपासायचा, बिळं बुजवायचा, आणि काम झालं की शिंग फुंकायचा. एकच लांब फुंक. अर्थ एवढाच, की बांध शाबूत आहे. संकट असेल तर तीन फुंका, असंही ठरलेलं होतं, पण तशी वेळ कधी आली नव्हती.

राखणदाराची मुलगी खारवाडीतच दिलेली. नवरा गलबतावर खलाशी, वर्षातले आठ महिने दर्यावर. घरात ती आणि दोन लेकरं. शिंग ऐकू आलं की ती हातातलं काम न थांबवता म्हणायची, "बाबा पोचले." बस्स. रोजच्या गोष्टीला कोण कान टवकारतं?

आता राजाचं ऐका. राजा मनाने वाईट नव्हता, पण त्याला विद्येची भारी हौस, आणि हौशी माणसाला चार पंडित भेटले की काय होतं ते तुम्ही पाहिलेलं असेलच. एका श्रावणात त्याने दरबारात प्रश्न टाकला, "माहिती म्हणजे काय?" झालं. वैयाकरण, गणिती, राजवैद्य आणि दरबारी गवई, चौघे चार दिशांनी तुटून पडले.

तिसऱ्या दिवशी वैयाकरणाचं वाक्य ऐन रंगात आलं होतं, आणि खालून शिंग वाजलं. वाक्य तुटलं. पंडितजी भयंकर रागावले.

राजा हसून म्हणाला, "बरं, हे शिंग म्हणजे माहिती आहे की नाही, ते सांगा."

"शिंगाला शब्द नाही," वैयाकरण म्हणाला. "शब्द नाही तिथे अर्थ नाही. हा नुसता आवाज आहे."

गवई म्हणाला, "आवाजसुद्धा बेसूर आहे."

"मी नाडी बघतो ती आजाऱ्याची," राजवैद्य म्हणाला. "ठणठणीत माणसाने रोज येऊन 'मी बरा आहे' म्हटलं तर मी त्याला दारातूनच परत पाठवीन. बिघाड झाला तर सांगा. तीच माहिती."

गणिती या सगळ्यांत हुशार. तो म्हणाला, "महाराज, आज शिंग वाजणार हे मला कालच ठाऊक होतं. जे आधीच ठाऊक आहे ते ऐकून माझ्या ज्ञानात काय भर पडली? काहीच नाही."

चौघांचं एकमत व्हावं ही गोष्टच मुळी दुर्मीळ, त्यामुळे राजाने ते लगेच हुकमात उतरवलं. दवंडी पिटली गेली. यापुढे राखणदाराने संकट असेल तरच शिंग फुंकावं, एरवी गप्प राहावं. आणि कारण नसताना जो कोणी गावात घबराट पसरवील, त्याला वेशीबाहेर काढलं जाईल.

दवंडी ऐकून राखणदाराची मुलगी टेकडी चढून दरबारात आली. हात जोडून म्हणाली, "महाराज, शिंग फुंकणाराच पडला तर?"

"तुझा बाप दणकट आहे," राजवैद्य म्हणाला, आणि दरबार हसला.

राजा मायेने म्हणाला, "बाई, काळजी करू नकोस. शिंग वाजलं नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असंच आता समजायचं."

दुसऱ्या दिवशी ओहोटी आली आणि गेली. शिंग वाजलं नाही. खारवाडीतल्या लोकांना थोडं चुकल्यासारखं झालं, मग सवय झाली. माणसाला सवय कशाचीही होते. मुलीला मात्र झाली नाही. भात कांडताना तिचं मुसळ मध्येच वर राही. कान बांधाकडे. तिकडून काहीच यायचं नाही, आणि त्या काहीच न येण्याचं काय करावं ते तिला कळेना. पूर्वी काम न थांबवता ऐकू यायचं ते आता काम थांबवूनही ऐकू येत नव्हतं.

पहिले काही दिवस ती ओहोटीच्या वेळी बांधावरून चालत जाऊन बापाला बघून यायची. म्हातारा हसायचा. म्हणायचा, "बाय, रोज नको येऊस. लेकरं टाकून कशाला येतेस? राजाने ठरवलंय ते विचार करूनच ठरवलं असेल." ती मान डोलवायची आणि परवा पुन्हा जायची.

मग भाद्रपदात धाकट्याला ताप भरला. उतरेचना. आजारी पोराला मांडीवरून खाली ठेवून चार कोसांची जा-ये कशी करणार? एक दिवस गेला, दोन गेले, सहा गेले. सर्वपित्री अमावास्या तोंडावर आली. अमावास्येला भर दुपारी उधाणाची भरती येते, हे खारवाडीतलं शेंबडं पोरही जाणतं.

तिने शेजाऱ्याला विनवलं, "भावजी, एकदा बांधावर जाऊन बाबांना बघून या हो."

"शिंग वाजलंय का?"

"नाही."

"मग ठीकच असेल की. राजाचा हुकूमच आहे तसा." शेजारी जाळं विणत राहिला. बिचाऱ्याचं चुकत होतं असंही नाही. हुकूम होताच तसा.

अमावास्येच्या सकाळी तिला घरात बसवेना. पोराला पाठीशी बांधून ती टेकडी चढली आणि थेट राजापुढे उभी राहिली.

"महाराज, सहा दिवस बाबांची काही खबर नाही. आज उधाण आहे. वाडी टेकडीवर हलवा."

"काय कळलंय तुला?" राजाने विचारलं.

"काहीच नाही."

वैयाकरण हसला. राजवैद्यही हसला. गणिती मात्र हसला नाही. तो बोटांवर काहीतरी मोजत होता आणि त्याचा चेहरा उतरत चालला होता.

"महाराज," तो म्हणाला, "मागे मी जे बोललो ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. रोज वाजणारं शिंग मला फारसं काही सांगत नव्हतं. पण ते एक दिवस वाजलं नसतं, तर त्या न वाजण्याने आपल्याला खडबडून जागं केलं असतं. आपण तेच घालवलं. आता बांध धड असला तरी शांतता, राखणदार मरून पडला असला तरी शांतता. या शांततेतून मला काही काढता येत नाही."

"म्हणजे धोका आहे?"

"ठाऊक नाही, महाराज."

"मग धोका नाही?"

"तेही ठाऊक नाही."

राजा चिडला. "मग मी हुकूम कशाच्या जोरावर देऊ? माणूस पाठवू बांधावर, तो येईल, सांगेल, मग बघू."

"तो परत येईपर्यंत भरती येईल," मुलगी म्हणाली. राजाने मान फिरवली. ती परत निघाली.

सूर्य चांगलाच वर आला होता. खाली येऊन तिने दारोदार सांगायला सुरुवात केली. लोक विचारत, "शिंग वाजलं?" ती म्हणे, "नाही." लोक म्हणत, "मग?" ती पुढच्या दाराकडे वळे. एका म्हातारीने तिला दटावलं, "गप बस, मुली. वेशीबाहेर काढतील. तान्ह्या पोराला घेऊन कुठे जाशील?"

तिलाही भीती वाटत होती. खोटं कशाला सांगू? बांध धड निघाला तर नवरा परत येईपर्यंत घरही राहणार नव्हतं. ती दारात क्षणभर उभी राहिली. मग आत गेली, जात्याची वरची तळी उचलून डोक्यावर घेतली, तापलेलं पोर पाठीशी, थोरलीचा हात धरला आणि एक शब्द न बोलता टेकडीची वाट धरली.

आता गंमत बघा. इतका वेळ तिच्या बोलण्याकडे कोणी लक्ष दिलं नव्हतं. पण बायका ओट्यावर येऊन बघू लागल्या. जातं डोक्यावर घेऊन भर उन्हात कोणी उगाच टेकडी चढत नाही. बाई उगाच बोलेल, उगाच रडेलही, पण एवढं वजन उगाच उचलणार नाही. पहिली ती म्हातारीच उठली, कोंबड्यांचा खुराडा काखोटीला मारून. मग तिची सून, मग दोन घरं, मग दहा. पुरुष म्हणाले, "बायका निघाल्यात, तर चला बाबा, भांडण नको." शेजारीही जाळं खांद्यावर टाकून निघाला, कुरकुरत का होईना.

शेवटचा माणूस निम्म्या चढावर होता तेव्हा खालून दाणकन आवाज आला. बांध मधोमध फुटला होता. पाणी भातातून पळत आलं, घरांच्या भिंतींना भिडलं, आणि मातीच्या भिंती जिथल्या तिथे बसल्या. टेकडीवर उभं राहून चाळीस घरांनी आपली घरं जाताना पाहिली. माणूस एकही गेला नाही; राजाचा माणूस तर अजून टेकडीवरून निघालाच नव्हता. दोन म्हशी गेल्या, पीक गेलं, आणि पुढची तीन वर्षं त्या खारट मातीत भात उगवलं नाही.

मुलगी मात्र घराकडे बघत नव्हती. ती बांधाच्या टोकाकडे बघत होती.

ओहोट लागताच तिने होडी काढायला लावली. राजा स्वतः होडीत येऊन बसला. त्याला ये कोणी म्हटलं नव्हतं आणि येऊ नको म्हणायची कोणाची छाती नव्हती. बांधाचा पलीकडचा तुकडा अजून उभा होता. त्यावर म्हातारा पडलेला सापडला. सहा दिवसांपूर्वी खेकड्याच्या बिळात पाय जाऊन मोडला होता आणि शिंग हातातून निसटून खाडीत गेलं होतं. कमरेच्या पिशवीतले मूठमूठ पोहे आणि खळग्यातलं पावसाचं पाणी, एवढ्यावर तो जगला होता.

त्याचं डोकं मांडीवर घेऊन मुलगी रडू लागली. "बाबा, मी आले नाही हो. सहा दिवस आले नाही."

म्हातारा तुटक तुटक बोलला. "पहिल्या दिवशी मी निवांत होतो, बाय. जुन्या सवयीने म्हटलं, शिंग वाजलं नाही, आता कोणीतरी धावत येणारच. ऊन कललं तेव्हा ध्यानात आलं, आता न वाजणं म्हणजे सगळं ठीक. मग मी इथे घसा फुटेस्तोवर ओरडत होतो, आणि तिकडे गावाला माझ्याच नावाने कळत होतं, की म्हाताऱ्याचं बरं चाललंय."

राजाने हे ऐकलं. होडी निघाली तेव्हा त्याने म्हाताऱ्याचा मोडका पाय आपल्या मांडीवर धरला, लाटेने हिसका बसून कळ येऊ नये म्हणून.

म्हाताऱ्याचे डोळे मिटत होते. किनारा लांब होता. मुलगी थोड्या थोड्या वेळाने म्हणत होती, "बाबा?" आणि म्हातारा दर वेळी म्हणत होता, "हूं." तेच, पुन्हा पुन्हा तेच. आणि होडीतले सगळे, राजासकट, श्वास रोखून त्या पुढच्या 'हूं'ची वाट बघत होते.

तात्पर्य: काही कळलं नाही म्हणजे सगळं ठीक आहे असं नव्हे. ज्याची काळजी आहे त्याला रोज हाक मारावी, आणि 'बरं आहे' हे त्याचं रोजचंच उत्तर कधी शिळं समजू नये.