कुंभारआळीतलं शेठचं रान

फार पूर्वीच्या एका गावात एक नियम होता: दुसऱ्याच्या कुंपणात हात घालायचा नाही. आत सोनं असो नाहीतर साप. हा नियम कुणी केला, कधी केला, कुणालाच ठाऊक नव्हतं. पण 'का?' म्हणून विचारायचं नाही, एवढं मात्र शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

गावातल्या कुंभारआळीच्या मधोमध धनाशेठची जागा होती. शेठ राहायचा दूर शहरात. इकडे त्याच्या जागेत घाणेरीची झुडपं माजली, बाभळी वाढल्या, पडक्या विहिरीत सारं गाव कचरा टाकू लागलं. डुकरांनी तर तिथं संसारच थाटला! पहाटे ती कुंपणातून बाहेर पडायची, अंगणात वाळत ठेवलेली कच्ची मडकी तुडवायची आणि डुलत डुलत परत घरी जायची.

मग आळीकर काय करायचे? दरवर्षी पोळा झाला की कोयते घेऊन जमायचे, कुंपणावर सुतळी ताणायचे आणि सुतळीच्या बाहेर आलेल्या फांद्या तेवढ्या छाटायचे. आत बोटभरही नाही! पंधरा दिवसांत फांद्या पुन्हा बाहेर.

त्या वर्षी चावडीवर नवी कारकून आली होती. नाव तुळजा. आळीतलीच पोर, शहरात शिकून आलेली. ताणलेली सुतळी पाहून तिला हसू आवरेना.

"अहो, डुकरं सुतळी बघून थांबतात का?"

"तू मुकाट्यानं टोक धर," पंच म्हणाले. "आत गेलो तर शेठला राग येईल."

"राग येईल तेव्हा येईल. आधी जाग तर येऊ द्या त्यांना!"

दुसऱ्याच दिवशी डुकरांनी आळीतल्या सुंदराकाकूंचे नऊ कच्चे रांजण तुडवले. महिन्याभराची मेहनत! पण काकू रडत बसल्या नाहीत. तुडवलेल्या मातीचा गोळा त्यांनी नेऊन पाटीलबाबांच्या पायाशी आपटला. "घ्या! तुमचा तो नियम यात शिजवून खा!"

पाटीलबाबा गडबडले. "बरं बरं, करा साफ. पण आधी शेठला रीतसर कळवा."

तुळजाला एवढंच हवं होतं! तिनं शहरात पत्र धाडलं, तीन बाजारांना दवंडी पिटवली, जागेच्या दारावर कागद लावला: 'महिन्याभरात जागा साफ करावी. न केल्यास गाव करील आणि खर्च मालकाकडून घेईल.' खाली पाटीलबाबांची सही, पाचही पंचांचे अंगठे.

महिना गेला. शेठकडून ना चिठ्ठी, ना निरोप.

मग काय विचारता! चाळीस घरांनी गाड्यांसाठी आणि मजुरीसाठी सहा-सहा रुपये काढले आणि अख्खी आळी कुंपणात घुसली. कोयते चालले, बाभळी कोसळल्या, डुकरं शेपट्या उडवत नदीकडे पळाली. सोळा गाड्या कचरा निघाला. संध्याकाळी विहिरीतून आरोळी आली, "पाणी! अरे, तळाला पाणी आहे!" आणि म्हातारेकोतारेही पोरांसारखे ओणवून बघू लागले.

तुळजानं चावडीच्या वहीत लिहिलं: धनाशेठकडून येणे, दोनशे चाळीस रुपये.

आठवड्यात शेठ हजर! जागा मोकळी झाल्याचं कळताच एका तेल्यानं तिला चांगला भाव देऊ केला होता. पण विक्रीला चावडीचा शिक्का हवा: या जागेवर कसलंही येणं नाही. शेठनं पंचांपुढे पेढ्यांचा पुडा उघडला.

"वहीतली ती ओळ खोडा. वसुली हा शब्द माझ्या नावापुढे शोभतो का? त्यापेक्षा मी गावाला पाचशे रुपये दान देतो. वेशीला दगडी कमान बांधा. वर माझं नाव कोरा."

पंचांचे चेहरे फुलले. "दोनशे चाळीसच्या जागी पाचशे! तुळजे, मार शिक्का."

"आणि सुंदराकाकूंचे सहा रुपये?"

"अगं, कमानीखालून त्याही जातीलच की!"

दारातून काकूंचा आवाज आला, "मी काय हत्तीवर बसून जाते होय? मला कमान कशाला?"

गर्दी खो-खो हसली. पाटीलबाबा मात्र लाल झाले. "तुळजे, मोठ्यांनी ठरवलंय. शिक्का मारायचा नसेल, तर उद्यापासून चावडीची पायरी चढू नकोस."

सबंध गावात वही सांभाळणारी ती पहिली मुलगी. ही नोकरी गेली तर दुसरी कोण देणार होतं? पण तिनं शिक्का उचलला आणि पदराखाली घेतला.

"नाही मारणार. कचरा यांचा, घाम आळीचा, आणि कमानीवर नाव यांचं? आज ही ओळ खोडली, तर उद्या प्रत्येक मालक जागेत रान माजू देईल, गावाकडून फुकट साफ करून घेईल आणि वर हारतुरेही घेईल. शेठ, तुम्हाला दान करायचंय ना? खुशाल करा. पण आधी या चाळीस घरांचं देणं द्या. आणि पाटीलबाबा, दारावरच्या त्या कागदावर सही तुमची आहे. ती खोटी होती, असं इथं सगळ्यांसमोर सांगा. मी आत्ता पायरी उतरते."

गर्दीतून एकजण हळूच मागे सरकला. वेशीजवळच्या पडक्या, रान माजलेल्या घराचा मालक होता तो.

"कुठं रे निघालास?" कुणीतरी विचारलं.

"घरी. कोयता आणायला."

या वेळी कुणी हसलं नाही. सुंदराकाकू पुढे आल्या आणि मातीनं भरलेला हात त्यांनी शेठसमोर पसरला. "माझे सहा."

त्यांच्यामागे एकेक करून आळी उभी राहिली. शेठनं पंचांकडे पाहिलं. पंचांनी पाटीलबाबांकडे पाहिलं. पाटीलबाबांनी पेढ्यांचा पुडा बांधून शेठकडे सरकवला, आणि शेठनं पिशवी सोडून पहिले सहा रुपये काकूंच्या हातावर ठेवले.

तात्पर्य, आणि हे मोठ्यांनीही ऐकावं: आपली घाण दुसऱ्यांनी उपसली, तर तिचा खर्च देणं हा उपकार नसतो. जे गाव तो मागायला लाजतं, ते जन्मभर दुसऱ्याचं रान छाटत बसतं.