पहिल्या घासाचा मान

फार प्राचीन काळी, राज्यांचे नकाशे काढण्याची रीत पडण्यापूर्वी, एका राज्यात सरळ मनाचा एक राजा होता. दर वाढदिवशी भरल्या पंगतीत तो आपल्या ताटातील पुरणपोळीचा पहिला घास आपल्या वृद्ध दाईला स्वहस्ते भरवी आणि मगच स्वतः जेवी.

त्या राज्याचा प्रधान, सेनापती आणि राजवैद्य या तिघांनी राजाला मारून राज्य वाटून घेण्याचा कट केला. वाढदिवशी राजाच्या पोळीच्या पुरणात विष कालवावे, असे ठरले.

"पण पहिला घास म्हातारी खाईल, त्याचे काय?" सेनापतीने विचारले.

"विष सावकाश भिनणारे आहे. दोघांनाही सायंकाळीच बाधेल," वैद्य म्हणाला.

"आणि तिचे वय झालेच आहे," प्रधानाने पुस्ती जोडली.

वाचकहो, हे वाक्य ऐकून तिघांपैकी एकाचीही मान खाली गेली नाही.

संशय येऊ नये म्हणून तिघांनी महिनाभर राजाची अखंड स्तुती आरंभिली. प्रधानाने तर राजाच्या शिंकेवरही श्लोक रचला.

वाढदिवस उजाडला. पंगत बसली. राजाने घास उचलला, तोच दाई म्हणाली, "थांब, बाळ. इतकी वर्षे हा मान मी घेतला, पण माझ्या तोंडून तुला बोलणीच अधिक मिळाली. या तिघांची भक्ती मात्र मी महिनाभर ऐकते आहे. यंदाचा घास यांच्यातील सर्वांत निष्ठावंताला दे."

राजाला ते पटले. त्याने घास प्रधानापुढे धरला.

"छे छे, महाराज!" प्रधान मागे सरकला. "माझी कसली निष्ठा? राजउद्यानातील आंबे दरवर्षी माझ्याच घरी जातात. खरे निष्ठावंत सेनापती!"

"मी?" सेनापती दचकला. "महाराज, गेल्या युद्धात मी गवताच्या गंजीत लपलो होतो. हा मान वैद्यराजांचाच!"

"आपल्या डोकेदुखीवरची माझी मात्रा म्हणजे चुलीतील राख आहे, महाराज!" वैद्य घाईघाईने म्हणाला.

"काय हा विनय!" राजा गहिवरला आणि त्याने घास वैद्याच्या ओठांशी नेला. प्रधान आणि सेनापती यांनी मोठ्या उत्साहाने वैद्याचे दोन्ही हात धरले. "घ्या, वैद्यराज, घ्या! संकोच कसला?"

"सोडा मला!" वैद्य किंचाळला. "त्यात विष आहे! मी कालवले, पण सांगितले तुम्हीच ना दोघांनी?"

राजाच्या हातातील घास गळून पडला.

"बाळ," दाई शांतपणे म्हणाली, "आधी हात धुऊन ये. न्यायनिवाडा मग कर."

राजाने तिघांना जन्मभरासाठी एकाच कोठडीत ठेवले. तेथे जेवण दोन्ही वेळा गरम येई. परंतु इतर दोघांनी चाखल्यावाचून एकही जण घास घेईना, आणि आधी चाखायला कोणीच तयार होईना. ताटे रोज निवून जात.

तात्पर्य : विश्वासघातासाठी एकत्र आलेली माणसे एकमेकांवरही विश्वास ठेवू शकत नाहीत.