राज्य कुणावर?

मंगळवार होता. चिंचेखाली पोरं लपाछपी खेळत होती, तेवढ्यात दवंडी आली.

"ऐका हो ऐका! बाळराजे रणधीर आजपासून खेळायला येतील. पण त्यांच्यावर राज्य येता कामा नये! कधीच नाही! महाराजांचा हुकूम!"

झालं! प्रधानाचा मुलगा म्हणाला, "मग माझ्यावरही नको." सरदाराचा म्हणाला, "माझ्यावर तर नकोच!" कोतवालाच्या मुलानं नुसतंच नाक वर केलं. माळ्याच्या मुलानं आजूबाजूला पाहिलं. त्याच्याहून खालचा एकच दिसला, कुंभाराचा दगडू. "मग माझ्यावर तरी कशाला?" असं म्हणून तोही सटकला.

दगडूनं डोळे मिटले, आकडे म्हटले, सगळ्यांना शोधून काढलं. पुन्हा राज्य दगडूवरच! रोज तेच. बिचारा लपायचं कसं, हेच विसरून गेला.

त्याची मैत्रीण सोनकी भडकली. "हा रडीचा डाव आहे!"

"हळू बोल गं," माळ्याचा मुलगा कुजबुजला. "नाहीतर तुझ्यावर येईल!"

ती हळू बोलली नाही. मग काय, थेट दरबारात उभी!

महाराज गरजले, "राज्य कुणावर तरी येणारच ना? उद्या असा डाव मांडून दाखव, की आमचा हुकूम मोडणार नाही आणि तुझा दगडूही सुटेल. नाही जमलं, तर दगडूवर जन्मभर राज्य!"

"जन्मभर?"

"जन्मभर!"

"नक्की ना, महाराज?"

"राजाचा शब्द आहे, पोरी!"

दुसऱ्या दिवशी महाराज दरबारात येऊन पाहतात तर काय, सिंहासनावर दगडू!

"कार्ट्या, ऊठ! सोनके, काय चाललंय हे?"

"डाव नाही जमला, महाराज. हरले मी. बाळराजांवर राज्य कधीच येणार नाही, हा तुमचा हुकूम. दगडूवर जन्मभर राज्य, हा तुमचा शब्द. सगळ्या दरबारानं ऐकलाय. आता राज्य आलंय म्हटल्यावर त्यानं बसायचं तरी कुठं?"

बाळराजांनी भोकाड पसरलं. "आबासाहेब, माझं राज्य गेलं! मला हवंय! आत्ताच्या आत्ता हवंय!"

"घ्या की मग!" सोनकी म्हणाली. "तोंड खांबाकडे करा अन् म्हणा आकडे!"

बाळराजे खांबाकडे धावले. "एक! दोन! तीन!"

महाराज इतके हसले, इतके हसले, की पगडी घरंगळत दारापर्यंत गेली. "हुकूम रद्द! शब्दही मागे! सोनके, काय हवं ते माग!"

"लपायला नव्या जागा, महाराज! चिंचेखालच्या सगळ्या माहीत झाल्यात."

"अख्खा राजवाडा घे!"

एकच पळापळ झाली. प्रधान पडद्यामागे, सरदार गालिच्याखाली, आणि स्वतः महाराज नगाऱ्याआड, पोट आत ओढून. इतक्या दिवसांच्या शोधाशोधीनं दमलेला दगडू सिंहासनावरच झोपी गेला होता.

त्याला खाली उतरवायचं मात्र राहून गेलं.