लामामावशीच्या मिरच्या

जनावरं एकमेकांना चिठ्ठ्या धाडायची, त्या काळातली गोष्ट. अर्जेंटिनातल्या लामामावशीनं लेकीच्या लग्नासाठी मेक्सिकोच्या एलिहिओ गाढवाला लिहिलं, 'मिरच्या १,५०० किलो घेऊन ये.'

एलिहिओनं तीस भाऊबंद जमवले, सगळ्यांच्या पाठीवर पोती लादली आणि अर्धी दुनिया तुडवत, शिंकत शिंकत मांडवात हजर झाला.

मावशी किंचाळली, "अरे मेल्या, दीड किलो मागवल्या होत्या! स्वल्पविरामानंतर अपूर्णांक असतो, एवढंही कळत नाही?"

"आमच्याकडे स्वल्पविराम हजारासाठी, अपूर्णांकाला टिंब. अडाणी तुम्हीच!"

"भांडण पुरे," भाऊबंद एलिहिओवर गुरगुरले. "उपाशीपोटी ही पोती परत न्यायला लावलीस, तर आधी तुला तुडवू."

मावशीला दया आली. "वाटेला गवत किती देऊ? लिहून दे."

घाबरलेल्या एलिहिओला आपल्या एकट्याचंच पोट आठवलं. अडीच किलो हवं म्हणून त्यानं खरडलं, '२.५०० किलो.' मावशीनं ते आपल्या रीतीनं, टिंब हजारासाठी धरून वाचलं आणि अडीच हजार किलोंचा डोंगर रचला.

भाऊबंद आनंदानं ओरडले. एलिहिओनं तोंडभर घास घेतला आणि म्हणाला, "मावशे, रीत तुमचीच बरोबर हो! आमच्याकडे सगळे अडाणी."