ढोलगल्लीतली कोरी

त्या राज्यात प्रत्येकाला एकच काम येत असे आणि ते बदलण्याची सोय नव्हती. दोर वळणारे जन्मभर दोर वळत, पांढरे चिरे घडवणारे चिरेच घडवत. ढोलगल्लीतल्या लोकांना फक्त ढोल येई, तोही न थांबता वाजवावा लागे; त्याच्या ठोक्यावरच राज्यभरच्या पाटांचं पाणी चाले. तिथे सुट्टी मागायची पद्धत नव्हती, कारण सगळ्यांनी मिळून सुट्टी घेतली असती तर ती मंजूर करायलाही कोणी उरलं नसतं.

ठकूबाई याच गल्लीतली. इथे सगळे कोपराला कोपर लावून बसत. एकाचा ठोका कोपरातून दुसऱ्याला कळे. ठकूच्या डाव्या हाताला सटवाजी बसायचा. एके सकाळी गल्लीला पाणी देणारा पाट अचानक तुंबला. पाणी परत येईपर्यंत सटवाजी आणि त्याच्या पलीकडचे कितीतरी ढोलकरी दगावले होते. गवंड्यांनी घाईघाईने त्या जागा लिंपून टाकल्या. लिंपण घट्ट होतं, पण वाजत नव्हतं. ठकू दुप्पट जोर लावू लागली, तरी गल्लीचा ठोका रोज थोडा थोडा उतरतच गेला.

तेव्हा कारभाऱ्यांनी शीतकोठारातून कोरी मागवायचं ठरवलं. कोरी म्हणजे अजून कुठलंच काम न शिकलेली, म्हणून कुठलंही शिकू शकणारी. यावर दरबारात मोठा वाद झाला. एक पक्ष म्हणाला, ही ज्या वस्तीतून येणार ती पुढेमागे स्वतःच एक राज्य झाली असती. ती मोडणं पाप आहे. दुसरा म्हणाला, ती वस्ती बर्फात पडून आहे आणि उद्या उकिरड्यावरच जायची आहे. दोन्ही पक्ष इतक्या तावातावाने बोलले की कोरीला विचारायचं राहून गेलं.

कोरी आली आणि एका दिवसात तिने गल्लीची दैना केली. आधी तिने दोर वळला. मग एक सुबक पांढरा चिरा घडवून भर वाटेत रोवला. त्याला जो तो ठेचकाळला. दुपारी तिने भिंतीत खिडकी पाडली, जिच्यातून काहीच दिसत नव्हतं. वर सगळंच छान जमतंय म्हणून ती खुशीत होती. कारभाऱ्यांनी तिला उचलून तालीमखान्यात धाडलं. तिथे तिला आज एका चवीचं पाणी पाजत, परवा दुसऱ्या चवीचं. चवीगणिक ती एकेक गोष्ट विसरत गेली. परत आली तेव्हा तिला फक्त ढोल येत होता.

लिंपण खरवडून तिला सटवाजीच्या जागी बसवलं.

"गाव कुठलं गं तुझं?" ठकूने शेजारधर्म म्हणून विचारलं.

"गाव व्हायचं राहिलं," कोरी म्हणाली.

ठकूने आपलं कोपर अंगाशी ओढून घेतलं. त्या जागी दुसरं कोणी आपल्याला टेकलेलं तिला सोसणार नव्हतं.

कोरी वाजवू लागली, पण आपल्याच लयीत. तिच्या मागच्या रांगेला तीच लय लागली आणि अर्धी गल्ली एकीकडे, अर्धी दुसरीकडे धावू लागली. दूरच्या वस्त्यांत पाटाचं पाणी कधी उसळे, कधी येतच नसे. ठकू भेटेल त्याला सांगे की आपण आधीच बजावलं होतं. प्रत्यक्षात तिने कुणालाच काही बजावलं नव्हतं. कारभाऱ्यांनी कोरीला हाकलायचं फर्मान लिहायला घेतलं, पण पाण्यावाचून लिहिणाऱ्यांचेच हात गळून पडत होते.

तिसऱ्या दिवशी खुद्द ठकूचा ठोका चुकला. तिने दचकून डावीकडे पाहिलं. कोरी डोळे मिटून, कमरेत वाकून, कोपर पुढे काढून मधल्या रिकाम्या जागेत काहीतरी चाचपत होती.

"मला तुमचं ऐकूच येत नाही, बाई," ती म्हणाली. "मी नुसत्या अंदाजाने वाजवतेय."

तीन दिवस गल्लीचा ताल कोण बिघडवत होतं ते ठकूला कळलं. हे तिने तेव्हा कुणाला सांगितलं नाही आणि पुढेही कधी सांगितलं नाही. बैठक बदलल्याचं निमित्त करून ती हळूच डावीकडे सरकली आणि तिने कोपर सैल सोडलं.

पहिला ठोका अडखळला. दुसरा जवळ आला. तिसरा दोघींनी एकदमच मारला. मागच्या रांगा एकामागून एक सामील झाल्या, आणि गल्ली अशी वाजू लागली की जमीन थरारली.

थोड्या वेळाने छतावर बाहेरून काहीतरी टेकलं. वाजवता वाजवताच सगळ्यांनी वर पाहिलं. तिथे पाच उबदार ठसे उमटले होते, चार लांब आणि एक आखूड, तिरपा. आणि ते जराही न हलता, मन लावून ऐकत होते.